परतकाकूंच्या रजया

हनुमाननगरच्या आमच्या गल्लीत शिरलेल्या भाजीवाल्याची आरोळी एका फाटकापाशी आली की आपोआप खाली यायची. ते फाटक परतकाकूंचं. काकू भाजी घेत, घरात नेऊन परातीत पसरून बघत आणि थोड्या वेळानं तीच भाजी पदरात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यामागे जात. "हे वांगं तुह्या घरी ने, तुह्या बायकोले दाखव. ते चांगलं म्हणाली तर मले येऊन सांगजो." तो बिचारा मुकाट्यानं वांगी बदलून द्यायचा, कारण वाद घालायला गेलं की आसपासची चार फाटकं उघडत आणि बाकीच्या बायकाही आपापली वांगी तपासायला लागत.

त्यांचं खरं नाव शिधापत्रिकेवर असेल तेवढंच. गल्लीला त्या परतकाकू. शिंप्यानं ब्लाउजची बाही वाकडी शिवली, परत. डॉक्टरांनी न तपासता गोळ्या दिल्या, परत, तेही दवाखाना भरलेला असताना. एका पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर काकाजींचं, म्हणजे काकूंच्या यजमानांचं, नाव सर्वांत खाली बारीक अक्षरात छापलं होतं. काकूंनी ती पत्रिका पुतण्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "एवढ्या बारीक अक्षरातला माणूस दिसणार नाही कोणाले मांडवात. आम्ही नाही येत." काकाजी रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते अशा वेळी पेपर जरा वर धरून बसत.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले, त्या संक्रांतीला पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं तिळाचे लाडू वळले आणि मोठ्या हौसेनं शेजारी पाठवले. संध्याकाळी काकू वाटी घेऊन हजर. "पाक पुढे गेला वं सुमन. दात पडतील म्हाताऱ्याचे. उद्या दुपारी ये, शिकवते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर मी ह्यांच्याजवळ धुमसत होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निमूट त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. तेव्हापासून जी बसले ती काकू जाईपर्यंत उठले नाही म्हणा ना.

आता बहादूरबद्दल सांगायला हवं. गल्लीचा गुरखा. रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरायचा आणि सकाळी काकूंच्या ओट्यावर चहा प्यायचा. उन्हाळ्यात आमच्याकडे डांबर वितळतं, तेव्हाही त्याच्या अंगावर तो जुना खाकी लोकरी कोट असायचा. त्याच्याजवळ एकच उत्तर होतं, "ठीक है, माताजी." एकदा घाईत काकूंनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. बहादूर सगळा कप पिऊन, विसळून, पालथा घालून गेला. स्वतःचा चहा तोंडाला लावल्यावर काकूंना कळलं. त्या पळतच कोपऱ्यापर्यंत गेल्या. "मिठाचा चहा पिला तू! बोलला काहून नाही गा?" बहादूर म्हणाला, "ठीक था, माताजी." त्या दिवशी काकू जेवेपर्यंत त्याला शिव्या घालत होत्या. नाही म्हणता येत नसलेला माणूस त्यांना बघवत नसे.

ऐंशीच्या सालचा पावसाळा असेल. नेपाळच्या सीमेकडच्या डोंगरांत भूकंप झाल्याची बातमी रेडिओवर आली. आम्हा नागपूरकरांना भूकंपाचं काय कौतुक? आमच्याकडे कपाटातली बशीसुद्धा कधी वाजत नाही. बातमीनंतर नाट्यगीत लागलं, आम्ही ते ऐकलं. पुढे काही आठवड्यांनी हिंगण्याच्या एका कारखान्यावर चौकीदारी करणारा बहादूरच्या गावचा माणूस सुट्टीवरून परतला, आणि त्यानं खरं काय ते सांगितलं. भूकंपात घराला नुसत्या भेगा गेल्या होत्या. पण हादऱ्यानं डोंगर खिळखिळा झाला, त्यावर पाऊस लागून राहिला, आणि एका सकाळी वरची अख्खी उतरण घरावर येऊन बसली. घर गेलं, वावर गेलं, बकऱ्या गेल्या. म्हातारी आई, बायको आणि मुलगी तेवढ्या वाचल्या. तिघी कोणाच्या तरी गोठ्यात राहत होत्या, आणि डोंगरातून अजूनही दगड येत होते.

त्या सकाळी मी काकूंकडेच होते. बहादूर फाटकापाशी उभा राहिला, आत आला नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "माताजी, छुट्टी के लिए..." त्याचा पगार गल्लीचं उत्सव मंडळ देई, त्यामुळे सुट्टी द्यायची ती मंडळानं. पण गल्लीत काही करून घ्यायचं तर काकूंच्या तोंडूनच, हे त्यालाही ठाऊक होतं. काकूंनी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. "जाशील नं! पण रिकाम्या हातानं जाशील काय? तिकडे थंडी येऊन राहिली, लेकरू गोठ्यात आहे, अन् तू हात हलवत जाणार? थांब जरा. बर्फ पडायच्या आत तुले पाठवते, ही माही जबाबदारी." बहादूर म्हणाला, "ठीक है, माताजी."

दुसऱ्या दिवसापासून काकूंचं अंगण म्हणजे कारखाना झाला. काकूंचं माहेर खाप्याचं. तिथून भावाकडून मागावरचं जाडंभरडं कापड आलं. कोणाच्या शेतातली गेल्या सालची रूई आली. पिंजारी दिवसभर तुणतुण करत बसला आणि आम्ही बायका नाकातोंडात कापूस जाऊन शिंकत टाके घालत होतो. फक्त त्याच्याच घराला नको, त्या गावातल्या आणखी घरांनाही पुरतील एवढ्या रजया करायच्या, असं ठरलं. टाका जरा लांब पडला की काकू उसवून हातात देत. "झटकली का रूई गोळा होईल सारी. मंग काय पांघरतील, गोळे?" माझ्या बोटांची चाळण झाली. पण खरं सांगते, असं समाधान मला पुन्हा कशात वाटलं नाही. आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या रूईची रजई ओढली की थंडीची काय बिशाद! बहादूर रोज सकाळी येऊन रजईवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "बहुत अच्छा है, माताजी."

एवढ्यावर थांबलं असतं तर तो गणपतीच्या आधी गाडीत बसला असता. पण आमच्या त्या उत्सव मंडळाला अण्णाजी नावाचे अध्यक्ष होते. तहसील कचेरीत जन्म गेलेला माणूस. 'पद्धतशीर' हा त्यांचा शब्द. त्यांनी येऊन रजयांचा ढीग पाहिला आणि त्यांचे डोळेच चमकले. "काकू, हे असं नको. पद्धतशीर करू. 'भूकंपग्रस्तांस मदत', मंडळाच्या नावानं. मोठा कार्यक्रम. उपमंत्र्यांना मी आणतो, त्यांच्या हस्ते बहादूरला देऊ. तेव्हाच त्याची सुट्टी मंजूर." वाईट याचं वाटतं, की आमचे हे त्या मंडळाचे चिटणीस. अण्णाजींच्या मागे उभे राहून मान डोलवत होते.

काकू तयार नव्हत्या. पण अण्णाजींनी कपडेही गोळा करायचं कबूल केलं, भाड्याची तजवीज करतो म्हणाले, आणि रजया पावसात भिजायला नकोत म्हणून मंडळाच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं. किल्ली आमच्या ह्यांच्याकडे. मग गल्लीनं कपडे द्यायला सुरुवात केली. काय काय आलं म्हणता! कोपरावर विरलेले सदरे, एकेकटे मोजे, कोणाची जरीची टोपी. अण्णाजींच्या घरून त्यांचा जुना लोकरी कोट आला, एका बाजूनं कसर लागलेला. काकूंनी तो दोन बोटांत धरून त्यांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवला. "तुमच्या अंगावरून उतरलेलं त्यानं काहून घालायचं? त्याचा डोंगर पडला आहे, त्याची इज्जत नाही पडली." बाकीचेही सगळे कपडे असेच ज्याच्या त्याच्या दारात गेले. द्यायचं तर नवं, आपल्या हातचं द्यायचं, यावर त्या ठाम होत्या. गल्लीनं आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला.

कार्यक्रम अनंत चतुर्दशीला ठरला. उपमंत्री दौऱ्यावर गेले. मग दसऱ्याला ठरला. मांडव पडला, खुर्च्या आल्या, बहादूरला न्हाव्याकडे पाठवून दाढी करवली, आणि सकाळी निरोप आला की साहेबांची तब्येत बरी नाही. अण्णाजी म्हणाले, "दिवाळीनंतर नक्की." मी ह्यांना म्हटलं, "अहो, त्या माणसाला तरी जाऊ द्या!" तर हे म्हणतात कसे, "तोच तर कार्यक्रमाचा मुख्य माणूस आहे. तोच गेला तर देणार कोणाला?" मला इतका संताप आला की दोन दिवस मी स्वयंपाकात मीठ कमी घातलं. आणि काकू? त्या रोज सकाळी अण्णाजींच्या दारात उभ्या. "बर्फ तुमच्या उपमंत्र्याले विचारून पडणार आहे काय?" अण्णाजी हात जोडत आणि 'पद्धतशीर' म्हणत. परत येताना काकू माझ्या ओट्यावर टेकत आणि कपाळाला हात लावत. "आपली जमीन हलत नाही, ते चांगलं आहे वं. पण हे माणसं बी हलत नाहीत."

बहादूर रात्री शिट्टी वाजवत होता, सकाळी चहा पीत होता. मी एकदा त्याला विचारलं, "घरची काही खबर?" तो म्हणाला, "ठीक होगा, बहनजी."

दिवाळी झाली. पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली. अण्णाजी सांगत आले की आता तारीख पुढच्या महिन्यातली मिळेल, पण पक्की. त्याच दुपारी काकू माझ्या स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, "भास्करच्या सदऱ्यात किल्ली आहे. आण." भास्कर म्हणजे आमचे हे. मी लगेच उठले. हे ऑफिसात दुसरा सदरा घालून गेले होते, पहिला खुंटीवरच होता. भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, आम्ही पाच-सहा बायकांनी मंडळाचं कुलूप उघडलं, रजया बारदानात शिवल्या आणि सायकलरिक्षांवर लादल्या. अण्णाजींच्या सौभाग्यवती गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी त्यांना त्यासाठी कायम मानते.

बहादूर झोपला होता, त्याला उठवून थेट रिक्षात घातलं. "सुट्टी?" असं तो पुटपुटला. काकू म्हणाल्या, "सुट्टी मी दिली. बस." स्टेशनावर हमालाशी भांडण, तिकीट तपासनिसाशी भांडण. एवढं सामान डब्यात नेता येणार नाही, असं तपासनीस म्हणायला लागला, तेव्हा काकाजी पुढे झाले. इतक्या वर्षांत ज्यांचा आवाज मी ऐकला नव्हता ते काकाजी म्हणाले, "मीही रेल्वेचाच आहे. लगेजचं काय ते भरतो. पण हे आज, याच गाडीनं जाईल." आणि गेलं. गाडी दिल्लीच्या दिशेनं निघाली तेव्हा बहादूर दारात उभा राहून हात जोडत होता, आणि काकू पदरानं तोंड पुसत ओरडत होत्या, "पोहोचला का कळवजो!"

रात्री आमच्या घरी जे रामायण झालं ते सांगत नाही. पुढच्या महिन्यात उपमंत्री खरोखरच आले. रजया नव्हत्या, बहादूर नव्हता. अण्णाजींनी घाईघाईनं शेजारच्या मंडळाच्या सतरंज्या घड्या घालून टेबलावर रचल्या आणि एका रिक्षावाल्याला टोपी घालून बहादूर म्हणून उभं केलं. फोटो निघाला. तो मंडळाच्या खोलीत कितीतरी वर्षं लटकत होता, आणि दर वेळी तो पाहिला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

बहादूर होळीनंतर परतला. काकूंच्या गच्चीवर आम्ही कुरडया घालत होतो. खाली फाटक वाजलं आणि काकू पिठाच्या हातांनीच धावल्या. तो वाळून अर्धा झाला होता. काकूंनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "रजया पोहोचल्या?"

"हाँ माताजी. बहुत काम आया."

"'बहुत काम आया' नको सांगू. नीट सांग. काय केलं?"

तो खाली बघत बोलायला लागला. रस्ता जागोजाग खचला होता. बस मध्येच थांबली, पुढे पायी. वर पावसात बर्फ मिसळून पडत होतं. रजया पाण्यानं इतक्या जड झाल्या की मजूर उचलेनात. बहुतेक वाटेतल्या एका चहावाल्याकडे सोडल्या, दोन पाठीवर नेल्या. त्या वाळल्याच नाहीत, तिथे ऊनच नव्हतं. मग बायकोनं त्या उसवल्या. कापड मुलीच्या अंगावर घातलं. रूईचे चिमूटभर पुंजके चुलीजवळ वाळवून त्यावर ओली लाकडं पेटवली. "बच्ची हाथ सेंकती थी, माताजी. अच्छा जलता था."

"चुलीत घातली?" काकूंचा आवाज चढला. "आमचे टाके चुलीत? तुले माहीत होतं काय, का तिथं रूई चालत नाही म्हणून?"

"मालूम था. उधर ऊन चलता है, भेड़ का ऊन. रूई पानी पीता है."

"मंग बोलला काहून नाही गा? रोज येऊन हात फिरवत होता! मिठाचा चहा होता काय हा बी? तोंड दिलं आहे नं देवानं? एक शब्द, एक शब्द बोलला असता..."

आणि बहादूर उठून उभा राहिला. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"मेरे को रजई नहीं चाहिए था, माताजी! मेरे को जाना था! उसी दिन जाना था. मैं छुट्टी माँगने आया था आपके पास. आपने बोला, रुक. अण्णाजी ने बोला, रुक. सब ने बोला, रुक. दशहरे के बाद मेरी माँ मर गई उधर, गोठे में. दो औरत ने उठाया उसको. मैं इधर सीटी बजाता था."

गल्लीत कुठलं तरी दार उघडलं आणि पुन्हा लागलं. बहादूर स्वतःच्याच आवाजाला भ्यायल्यासारखा झाला. त्यानं हात जोडले आणि काकूंच्या पायाशी वाकायला लागला. "गलती हो गया, माताजी."

काकूंनी त्याला वाकू दिलं नाही. दोन्ही दंडांना धरून उभं ठेवलं. त्याच्या बाह्यांना पीठ लागलं. "तुही नाही गलती," असं त्या म्हणाल्या. त्या जशा रडल्या, तसं मी त्यांना काकाजी गेले तेव्हाही रडताना पाहिलं नाही.

तो पावसाळ्याच्या आधीच कायमचा गावी गेला. या वेळी सुट्टीसाठी थांबायचं कारण नव्हतं, काकू स्वतः त्याच्यासोबत अण्णाजींकडे गेल्या आणि अण्णाजींनी तिथल्या तिथे त्याचा हिशेब केला. स्टेशनावर काकूंनी त्याला काही दिलं नाही. गाडी कधी सुटते एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि वेळेवर सुटली तेव्हा हुश्श करून बाकावर बसल्या.

पुढे अण्णाजी थकले, मंडळ पोरांच्या हातात गेलं. एकदा कुठेतरी दरड कोसळल्याची बातमी होती आणि मी त्या निमित्तानं अण्णाजींच्या नावानं पुन्हा बोटं मोडत बसले होते. उपमंत्री, कार्यक्रम, पद्धतशीर, सगळं सगळं काढलं. काकू आजारी होत्या, पलंगावर पडून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "राहू दे वं सुमन. अण्णाजीनं त्याले मंत्र्यासाठी थांबवलं, मी रजईसाठी थांबवलं. त्याच्या मायले काय फरक पडला?"

फरक आहे, असं मी त्यांना ठणकावून सांगणार होते. आजपर्यंत कितीदा मनातल्या मनात सांगून पाहिलं. अजून मला ते नीट सांगता येत नाही, आणि त्याचाच मला राग येतो.